घंटा वाजली तर उठणार कोण? जखमेवरच्या स्मार्ट पट्ट्या बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या तरुण अभियंत्यांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यातली तिघं माझ्या घरी आली होती. हातात प्लास्टिकची डबी, डबीत तांबूस तारांची नक्षी असलेली बोटभर लांबीची पट्टी, जखमेवर चिकटून आतली हालहवाल मोजणारी. "सिस्टर, जखमेत नक्की काय मोजायचं?" एवढाच तुमचा प्रश्न होता. ३३ वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेल्या, त्यातली निम्मी सर्जिकल वॉर्डात आणि ड्रेसिंग रूममध्ये उभ्याने घालवलेल्या बाईला याचं उत्तर धडाधड यायला हवं होतं. मी मात्र काहीतरी गुळमुळीत बोलले, चहा केला आणि तुम्हाला वाटेला लावलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर सगळं सुचायला लागलं. पत्र तिघांनाच लिहिणार होते, पण पुतण्या म्हणाला की असे प्रोजेक्ट हल्ली कितीतरी कॉलेजांत चालू असतात. मग म्हटलं, सगळ्यांनाच लिहू.

आधी ड्रेसिंग म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्ही ते बहुधा व्हिडिओतच बघितलं असेल. ट्रॉली येते. वॉर्डबॉय मामा रुग्णाची टाच हातावर धरतो. पट्टी सुटायला लागली की पहिली बातमी नाकाला लागते. स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा एक गोडसर, कुजक्या द्राक्षांसारखा वास असतो. तो एकदा डोक्यात बसला की कल्चरचा रिपोर्ट यायच्या आधीच हिरवट डाग कुठे सापडणार ते कळतं. मग गॉझ बघायचा: किती भिजलाय, पाण्यासारखा की दाट, रंग कुठला. मग हाताची उलटी बाजू जखमेच्या आजूबाजूला लावायची. गरम लागतंय का, कातडी ताणलीय का? आणि सगळ्यात शेवटी खुद्द जखम. लाल, दाणेदार, ओलसर मांस दिसलं की बरं वाटतं. पिवळा स्लफ, म्हणजे मेलेल्या मांसाचा थर असेल तर काम शिल्लक आहे. काळं दिसलं तर डॉक्टरांना हाक मारायची. कडेने पातळ, मोत्यासारखी कातडी आत सरकताना दिसली तर रुग्णाला "काका, भरतेय हो" म्हणून सांगायचं.

हे सगळं मिनिटाभरात होतं आणि मग आम्ही केसपेपरवर काय लिहितो? "ड्रेसिंग केले. जखम स्वच्छ." झालं. नाकाने, हाताने, डोळ्याने जे कळलं ते माझ्याबरोबर ड्युटी संपवून घरी जातं. दुसऱ्या दिवशीची सिस्टर शून्यापासून सुरुवात करते. तुमच्या पट्टीचा पहिला उपयोग मला इथे दिसतो. तिने माझ्याहून हुशार असायची गरजच नाही. काल किती गरम होतं, आज किती, परवापेक्षा ओल वाढली का, एवढं विसरली नाही तरी पुष्कळ.

दुसरा उपयोग तुम्ही कुणी बोलून दाखवला नाहीत, पण माझ्या लेखी तोच मोठा आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर कातडी धरते. तेव्हापासून साठ वर्षं उलटली. आमच्या वॉर्डात मात्र सुकलेला गॉझ रोज सकाळी ओढून काढला जायचा, कारण राउंडला साहेबांना जखम बघायची असायची. त्या गॉझबरोबर रात्रभरात आलेली नवी कातडी निघून यायची. रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे आणि आम्ही म्हणायचो, "बघा, रक्तपुरवठा चांगला आहे." मीही ओढलाय तो गॉझ, हजारो वेळा. तेव्हा तुमची पट्टी "धोका, धोका" म्हणून ओरडते की नाही ते मला नंतर सांगा. "आज सगळं ठीक आहे, उघडू नका" हे ती छातीठोकपणे सांगू शकते का, ते आधी सांगा. मधुमेह्याच्या पायाची जखम उघडायची वेळ चुकली तर पाय जातो. पण रोज उगाच उघडल्याने आठवड्याची जखम महिन्यावर जाते, आणि त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

तुम्ही दाखवलेले लेख मी पुतण्याकडून समजून घेतले. स्टॅनफर्डवाल्यांनी २०२२ साली केलेली पट्टी जखमेचं तापमान आणि विजेला होणारा विरोध मोजते, आणि गरज वाटली तर स्वतःच सौम्य वीज देते. उंदरांच्या जखमा तिने साधारण २५ टक्के लवकर भरल्या. तिचा चिकट थर अंगाच्या उष्णतेला धरून राहतो आणि ४० अंशांपर्यंत गरम केला की अलगद सुटतो. कल्पना फारच सुरेख, पण वाचताना मला मे महिन्यातलं चंद्रपूर आठवलं आणि हसू आलं. नॉर्थवेस्टर्नची २०२३ची पट्टी बॅटरीशिवाय चालते आणि तिचा जखमेवरचा मॉलिब्डेनम या धातूचा इलेक्ट्रोड शरीरातच विरघळून जातो, म्हणजे तो ओढून काढायला नको. हे ज्याला सुचलं त्याने कधीतरी ड्रेसिंग जवळून बघितलं असणार. आणि कॅल्टेकच्या वेई गाओंच्या गटाने २०२५ मध्ये २० माणसांच्या जुनाट जखमांवर पट्टी लावून बघितली. ती जखमेतून ताजा स्राव ओढून घेते आणि त्यातलं नायट्रिक ऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड मोजते. बाहेर लक्षणं दिसायच्या एक ते तीन दिवस आधी सूज किंवा संसर्गाची चाहूल लागू शकते, असा त्यांचा दावा आहे. तीन दिवस म्हणजे आमच्याकडे बोट कापावं लागणं आणि पाऊल कापावं लागणं यांच्यातला फरक.

उंदरांच्या आकड्यांवर मात्र फार भाळू नका. उंदराची कातडी सैल असते. त्याची जखम बरीचशी आक्रसून मिटते, माणसाची कातडी वाढून भरावी लागते. शिवाय उंदीर चप्पल घालत नाही, उसाला पाणी धरायला जात नाही आणि "एवढी उसाची लागण संपू दे, मग दाखवतो" असं म्हणत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, काय मोजायचं. नऊ रेणू मोजण्याआधी तापमान मोजा. त्यातही एका पायाचं नको, दोन्ही पायांचं. बधिर झालेल्या मधुमेही पायात जखम व्हायच्या आधी ती जागा आतून तापते. डाव्या पायाच्या एका जागेचं तापमान उजव्या पायाच्या त्याच जागेपेक्षा २.२ अंश सेल्सिअसने जास्त, आणि लागोपाठ दोन दिवस तसंच, तर चालणं कमी करायचं आणि दाखवायला जायचं. हा साधा नियम अमेरिकेत घरगुती इन्फ्रारेड थर्मामीटर देऊन तपासला गेला आणि तसं मोजणाऱ्यांना नव्या जखमा कमी झाल्या. तुमची पट्टी एकाच पायावर चिकटते. तिला तुलना करायला दुसरा पाय द्या. नाहीतर उन्हातून आलेला माणूस आणि आतून पेटलेला पाय यातला फरक तिला कळणार नाही.

लालीवर तर विसंबूच नका. "कडेने लाली" हे वाक्य आम्ही पाठ केलं ते गोऱ्या कातडीची चित्रं बघून. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या पायावर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, काळसर दिसते, कित्येकदा दिसतच नाही. कातडीवर उजेड टाकून मोजणारा सेन्सर बनवत असाल तर करोनातल्या ऑक्सिमीटरची गोष्ट आठवा. २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात निघालं की रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असतानाही ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतो, हा प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळपास तिप्पट होता. ते यंत्र अनेक दशकं जगभर वापरात होतं. तेव्हा तुमची पहिली चाचणी गोऱ्या मनगटावर करू नका, वावरात रापलेल्या पावलावर करा.

तिसरी गोष्ट पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप. निरोगी कातडी आंबटाकडे झुकते, साधारण ४ ते ६. जुनाट, चिघळलेली जखम ७ ते ९च्या घरात जाते. हे मोजायला तुम्ही इलेक्ट्रोड छापता, त्यावर पॉलिमर चढवता. छान आहे. पण घरी गेल्यावर आजीला एकदा विचारा, कुंकू कसं करायचे. हळदीला चुना किंवा पापडखार लावला की ती लाल होते. पिवळ्याचं लाल होणं म्हणजे आम्लाकडून अल्काकडे जाणं, आणि हा बदल होतो तोही जवळपास त्याच पट्ट्यात, जिथे जखम बिघडते. हळदीतल्या कुरकुमिनने रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवर प्रयोगशाळांत काम झालंही आहे. तिला बॅटरी नको, ब्लूटूथ नको. पट्टीच्या बाहेरून दिसेल अशी पिवळी टिकली, लाल झाली की दवाखान्यात या. रक्ताने आणि पुवाने रंग गढूळ होईल हे मला ठाऊक आहे. मधे गाळणीचा थर कसा घालायचा ते तुम्ही शोधा, त्यासाठीच तर शिकलात. जाता जाता एक इशारा: आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या जखमांत आधीच हळद भरलेली असते. कुणी तंबाखू भरतं, कुणी चुना. तुमचा पीएचचा सेन्सर चुन्यावर बसला तर काय आकडा देईल, ते एकदा करून बघा.

इतकं सगळं झालं तरी खरी अडचण पुढेच आहे. ती मला एका जुन्या माणसाच्या गोष्टीतून जास्त नीट सांगता येईल.

डॉ. पॉल ब्रँड. १९१४ मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेला इंग्रज. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांच्या शस्त्रक्रिया करताना त्यांच्या ध्यानात आलं की बोटं कुष्ठरोगाने "झडत" नाहीत. वेदनाच नसल्यामुळे रुग्ण भाजून घेतो, कापून घेतो, त्याच जखमेवर चालत राहतो आणि बोटं झिजून जातात. काहींची बोटं रात्रीतून गायब व्हायची, तेव्हा पाळत ठेवली तर उंदीर कुरतडताना सापडले. रुग्ण झोपलेलाच. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर एक मांजर द्यायचं.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी अभियंत्यांना हाताशी धरून तुम्ही आज करताय तसंच काहीतरी करायला घेतलं. बधिर हातापायांसाठी सेन्सर बसवलेले हातमोजे आणि मोजे. दाब वाढला की आवाज येणार. तारा तुटायच्या, सेन्सर महाग होते, हे एकवेळ सोडा. गंमत अशी की आवाज आला तरी माणसं हातातलं काम थांबवत नव्हती. मग जिथे संवेदना शिल्लक होती तिथे, काखेत, विजेचा झटका द्यायला सुरुवात केली. तर रुग्ण झटका बसेलसं काम करायच्या आधी यंत्र बंद करायचे, काम उरकायचे आणि पुन्हा चालू करायचे. काही वर्षांनी ब्रँडनी तो नाद सोडला. खऱ्या वेदनेचं बटण आपल्या हातात नसतं, म्हणून ती आपल्याला वाकवते.

हे वाचलं तेव्हा मला आमचा एक वारकरी आठवला. वय साठीचं, शुगर पंधरा वर्षं. आळंदीहून पंढरपूरला पायी जाऊन आला आणि नंतर तीन आठवड्यांनी आमच्याकडे, तेही सुनेला वास आला म्हणून. तळव्याला रुपयाएवढं भोक, आत चिमटा घातला तर हाडाला टेकला. मी रागावले. तो म्हणाला, "दुखलंच नाही हो ताई. दुखलं असतं तर थांबलो असतो." खरं सांगायचं तर दुखलं असतं तरी तो थांबला नसता. पण निदान लंगडला असता, आणि दिंडीतल्या कुणीतरी त्याला विचारलं असतं.

लंगडणं शेजारच्याला दिसतं. तुमची घंटा रुग्णाच्या फोनवर वाजणार. आमच्या रुग्णाचा फोन नातवाकडे असतो आणि नातू त्यावर क्रिकेट बघत असतो. भाषा इंग्रजी, आकडा ७.८, रंग केशरी. त्या माणसाने काय करायचं? आणि वाजल्यावर तो दवाखान्यात आलाच, तर रविवार असेल, किंवा ड्रेसिंगची वेळ बारापर्यंतच असेल, किंवा "पट्टी तर कोरडी दिसतेय, उद्या या" असं सांगणारं कुणी असेल. कदाचित मीच असेन. आयसीयूत असताना मॉनिटरचा अलार्म मी कितीदा न बघता बंद केलाय ते सांगायची लाज वाटते. दिवसभर खोटं वाजणारं यंत्र खरं वाजतं तेव्हा कानच मेलेले असतात.

म्हणून तुमच्या सर्किटच्या आराखड्यात एक चौकोन वाढवा आणि त्यात माणसाचं पद लिहा. आशाताई, उपकेंद्रातली सिस्टर, घरातली सून, जी कुणी असेल ती. आशाताईला गावात दहा कामं आहेत, तिला अकरावं देताना तिच्या हातात काय ठेवणार तेही ठरवा. एनएफसीवाली पट्टी मला म्हणूनच बरी वाटते. फोन जवळ नेला की त्याच्याच विजेवर आकडा येतो, पट्टीत बॅटरी नाही. म्हणजे कुणीतरी पायाशी बसून, फोन पावलाला लावून बघायला लागतं. तुम्हाला ही अडचण वाटते. मला वाटतं, निम्मा इलाज तिथेच होतो, कारण त्या निमित्ताने कुणीतरी तो पाय बघतं.

बॅटरीवरून आठवलं. रक्ता-पुवाने भरलेलं ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत जातं आणि तिथून जाळायला. तुमची लिथियमची चकती त्यात गेली तर? सुटी करता येईल अशी ठेवा, आणि हातमोजा घातलेल्या बोटांनी ती निघाली पाहिजे. तुमची डबी उघडायला मला नख लागलं.

आता पैशाचं थोडक्यात. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक आहेत असा अंदाज दिला. आपल्या सरकारी आरोग्य योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांना पैसे देतात. पाय कापण्याची शस्त्रक्रिया त्या चौकटीत बसते. पाय वाचवणारं, घरी नाहीतर बाह्यरुग्ण विभागात महिनोन् महिने चालणारं ड्रेसिंग खिशातून होतं. बधिर पायांसाठी असते ती एमसीआर रबराची मऊ चप्पलसुद्धा कित्येकांना परवडत नाही, आणि जखमेवरचा भार कमी केल्याशिवाय कुठलीही पट्टी, साधी असो की स्मार्ट, तळव्याची जखम भरू शकत नाही. तुमच्यातल्या एखाद्याने सेन्सर सोडून स्वस्त आणि बऱ्या दिसणाऱ्या चपलेवर काम केलं तर मी त्याच्या घरी पेढे घेऊन जाईन. "बऱ्या दिसणाऱ्या" हे मुद्दाम लिहिलंय. "ती महारोग्याची चप्पल नको" म्हणून लग्नाला अनवाणी गेलेली बाई मी बघितली आहे. परत आली ती अंगठ्याला फोड घेऊन.

एक राहिलंच. तुम्ही ती डबी माझ्याकडे विसरलात. पट्टी मी स्वतःच्या नडगीवर लावून पाहिली, जखम नसताना. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना पाणी उडालं आणि तिचा दिवा लाल झाला, तो संध्याकाळपर्यंत तसाच. तिसऱ्या रात्री दोन वाजता ती वाजली, का ते कळलं नाही. मी उठून पाणी प्यायले आणि ती उशीखाली दाबून झोपले. चौथ्या दिवशी आंघोळीत एक कड सुटली. खाली पुरळ उठलंय, चिकटपट्टीच्या आकाराचं, चौकोनी. साठीनंतरची कातडी पातळ असते, हे चिकटवायचं द्रव्य निवडताना ध्यानात असू द्या. पुरळ अजून आहे. ते जायच्या आत येऊन बघून जा आणि डबी घेऊन जा. मंगळवारी सकाळी दोन घरी ड्रेसिंगला जाते, तिकडे बरोबर आलात तर बरं. हातमोजे जादा आणा, वास सहन होत नसेल तर नाकाला रुमाल बांधू नका, रुग्णाला ते दिसतं.

तुमची,
एक निवृत्त सिस्टर